सीता नव्हे, सितैन

हेगच्या मुख्य रेल्वे स्टेशनला लागूनच नॅशनल आर्काइफची इमारत आहे. डच ईस्ट इंडिया कंपनीचं दप्तर तिथं ठेवलंय. फळ्या एकापुढे एक मांडल्या तर किलोमीटरभराहून लांब रांग होईल. मी जवळच राहतो, पण ते चाळायला तिथवर जावं लागत नाही. अॅमस्टरडॅमच्या हायगेन्स इन्स्टिट्यूटनं ‘ग्लोबलाइज’ या प्रकल्पात कंपनीला आशियातून आलेल्या कागदांची जवळजवळ पन्नास लाख पानं संगणकाकडून वाचून घेतली आहेत. डचांची वेंगुर्ल्याला १६३७ पासून वखार होती. घरी बसून ‘विंगुर्ला’ असं त्यांच्या वळणानं टाइप केलं की तिथल्या कारभाराचे उल्लेख भराभर समोर येतात.

पहिल्यांदा हे पाहिलं त्या रात्री मला झोप लागली नाही. आनंद झाला होताच. पण आपल्या मुलखाबद्दल परक्या व्यापाऱ्यानं लिहिलेलं मला एका मिनिटात सापडतं आणि आपल्या माणसांनी लिहिलेलं पुण्याच्या पेशवे दफ्तरात रुमालांत बांधून आहे, हे मनातून जात नव्हतं. तिथं मोडी या जुन्या मराठी लिपीतल्या कागदांची मोजदाद कोटींत होते. रियासतकार गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात त्यातून निवडक कागदांचे ४५ खंड काढले. काम डोंगराएवढं, तरी त्या ढिगातली ती ओंजळच. पुढच्या पिढीतले संशोधक, मग ते लायडनचे असोत की पुण्याचे, जे शोधून सापडतं त्यावरच लिहिणार. मराठी राज्याचा इतिहास वखारवाल्यांच्या नजरेनं लिहिला जाण्याचा धोका पुन्हा उभा आहे, आणि या वेळी त्याला कारण आपली दिरंगाई असेल.

घरी फोन केला की सध्या दोन सूर ऐकू येतात. भाचा म्हणतो, आता एआय मोडी वाचणार, मग लिपी शिकण्यात वेळ कशाला घालवायचा? दुसरीकडे इतिहासात मुरलेली मंडळी म्हणतात, यंत्राला काय कळणार, हे सगळं अनुदानं लाटायचं निमित्त. दोघांशीही माझं पटत नाही. मी इथं प्रतिमा-प्रक्रियेचं काम करतो, त्यामुळे यंत्राला किती कळतं आणि ते कुठून कळतं, हे रोज बघतो.

मामाच्या घरचं सांगतो. गाव जुन्नरजवळ. ट्रंकेत विहिरीच्या पाण्याच्या पाळ्यांचा एक जुना निवाडा आहे. त्याचा फोटो मी एका प्रायोगिक मॉडेलला वाचायला दिला. बरंच बरोबर आलं. तारखेच्या जागी मात्र ‘सीतेन’ असा शब्द आला, म्हणून मी पुण्यातल्या बाईंना फोन केला. बाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या आहेत. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मोडी वाचतात आणि शिकवतात. फोटो बघून म्हणाल्या, “अरे, सीता कुठली? सितैन. साठ. पूर्ण वाच, इहिदे सितैन मया व अलफ.” एक, साठ, शंभर, हजार. सुहूर सन, म्हणजे मराठी कागदांतली जुनी कालगणना, ११६१.

हे शब्द अरबी, त्यांचं वळण मराठी, आणि वर्ष बदलतं सूर्य मृग नक्षत्रात शिरतो तेव्हा. म्हणून त्याला मृगसालही म्हणतात. इसवी सन काढायला ५९९ मिळवायचे, मृगानंतरचे पहिले सहा-सात महिने. जानेवारी उजाडला की ६००. म्हणजे मामाचा कागद १७६० चा मृग ते १७६१ चा मृग, या दरम्यानचा. पानिपताचं वर्ष. तिकडे सदाशिवरावभाऊ उत्तरेत होते आणि जुन्नरजवळच्या एका गावात बुधवारचं पाणी कोणाचं, याचा निवाडा होत होता.

या एका ओळीसाठी अक्षर ओळखणारं यंत्र लागलं, अरबी आकडे माहीत असलेली बाई लागली आणि नक्षत्रांचं गणित लागलं. आंतरविद्याशाखीय संशोधन हा शब्द भाषणांत फार ऐकू येतो. मला त्याचा अर्थ त्या फोनवर कळला.

मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो. सुत म्हणजे मुलगा आणि सूत म्हणजे धागा, दोन्ही एकसारखेच लिहिले जातात. शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते, बोरू उचलायचा नाही म्हणून अक्षरं एकमेकांत ओवलेली असतात. कुठला अर्थ घ्यायचा हे प्रकरण ठाऊक असलेला माणूसच ठरवतो, आणि यंत्र शिकतं ते त्याच्याकडूनच. डचांनीही काही यंत्रापासून सुरुवात केली नाही. आधी माणसांनी हजारो पानं ओळीला ओळ लावून उतरवली, मग त्यांवर मॉडेल शिकवलं. चुका अजून आहेत, पण वाचन सगळ्यांना खुलं आहे, त्यामुळे त्या कुणालाही दाखवून देता येतात.

आपल्याकडे सुरुवात झाली आहे, हे मी मोकळेपणानं सांगतो. आयआयटी रुरकीच्या गटानं २०२५ मध्ये मोडीच्या २,०४३ पानांचा देवनागरी लिप्यंतरासह संच प्रसिद्ध केला. मला त्याचा फार आनंद झाला. पण कोटींच्या दप्तरापुढे ती पानं किती! ती वाढवायची तर वाचक हवेत, आणि इथंच माझा जीव तुटतो. बाईंना एका संस्थेनं असंच काम दिलं होतं. पानामागे ठरलेली रक्कम, ती पण सहा महिन्यांनी. पुढे शोधनिबंध निघाला, त्यात त्यांचं नाव नव्हतं. ज्यांच्या डोळ्यांवर मॉडेल शिकलं त्यांना टायपिंगवाल्यासारखं वागवलं. त्या निबंधावर बाईंचं नाव सहलेखक म्हणून हवं होतं, दुसरं काही मी मानणार नाही.

आणखी एक गोष्ट सलते. २०२५ च्या अर्थसंकल्पात ज्ञान भारतम् मोहिमेची घोषणा झाली, एक कोटीहून अधिक हस्तलिखितांसाठी. चांगलंच आहे. पण २००३ च्या राष्ट्रीय पांडुलिपी मिशनची व्याख्या बघा. ज्यात ज्ञान आहे ती पोथी हस्तलिखित, आणि फर्मानं, महसुलाचे कागद वगैरे ऐतिहासिक नोंदी वेगळ्या. पाण्याच्या पाळ्या, दुष्काळातली सूट, धान्याचे भाव यांत ज्ञान नाही? हवामानाचा अभ्यास करणाऱ्याला विचारा. मोडी दप्तर या व्याख्येमुळे पुन्हा बाजूला पडू नये.

विज्ञानाच्या बाजूनं तर आपलं नशीब चांगलं आहे. डच कारकुनांची शाई मायफळ आणि हिराकसाची. ती आम्लधर्मी असते, कागद खाते, काही पानांत अक्षरांच्या जागी भोकं पडली आहेत. आपली शाई काजळी आणि डिंकाची. ती कागदाला इजा करत नाही, आणि काजळी अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाश शोषून घेते. त्यामुळे अवरक्त कॅमेऱ्यात डाग आणि पिवळेपणा बराचसा मावळतो आणि अक्षर काळंभोर उमटतं. जे डोळ्यांना पुसट दिसतं ते कॅमेऱ्याला दिसू शकतं. अशा फोटोंवर मॉडेल शिकवलं तर किती रुमाल बोलू लागतील!

मामाच्या निवाड्याच्या शेवटच्या तीन ओळींवर ओल लागून मोठा डाग पडलाय. बुधवारची पाळी कोणाला मिळाली ते नाव तिथंच आहे. डिसेंबरमध्ये तसा कॅमेरा घेऊन गावी जातोय. बाईंनी बजावून ठेवलंय, फोटो आधी त्यांना पाठवायचा, मशीनला नंतर.