भक्ती बर्वे म्हणजे नुसतं ओरडणं नव्हे

परवा आमच्या दापोलीत एका शाळेच्या गॅदरिंगला एका मुलीने पुलंच्या 'ती फुलराणी' नाटकातलं फुलवाल्या मंजुळेचं स्वगत केलं, तेच, 'तुला शिकवीन चांगलाच धडा'. पाठांतर चोख, पण पहिल्या वाक्यापासून जी ओरडायला लागली ती शेवटपर्यंत, आणि खाली टाळ्यांवर टाळ्या. तिची चूक नाही हो, सगळीकडे असंच बसवतात. पण मंजुळा गाजवणाऱ्या अभिनेत्री भक्तीताईंचं यूट्यूबवर आहे ते नीट ऐका ना, मंजुळेच्या रागाच्या खाली रडू आहे, अपमान आहे, आणि तिला बोलायला शिकवणाऱ्या मास्तरला शिक्षा होताना बघायची लहान पोरीसारखी मजा पण आहे, हे सगळं एका दमात!

मला सगळ्यात भारी काय वाटतं सांगू, ही बाई मुंबई दूरदर्शनवर बातम्या वाचायची. म्हणजे जिचे उच्चार अख्खा महाराष्ट्र प्रमाण मानायचा तिनेच 1975 साली पुलंच्या नाटकात अशी फुलवाली केली जिच्या बोलण्याला तो प्रोफेसर नावं ठेवतो, आणि त्या बोलीची कुठे टिंगल वाटू दिली नाही. मी मुंबईत कॉलेजला गेले तेव्हा आमच्या बोलीतलं 'आयस-बापूस' म्हटलं की हॉस्टेलवर हसायच्या, वर्षभर तोंड उघडायची भीती वाटायची मला, त्यामुळे मंजुळा माझ्यासाठी कॉमेडी कधीच नव्हती.

आणि लोक फुलराणीवरच थांबतात याचं वाईट वाटतं. 'आई रिटायर होतेय' आठवा, घरच्या कामातून निवृत्ती घेणारी आई. 'जाने भी दो यारो' मधली संपादक शोभा तर बघाच, तोच गोड आवाज, पण ब्लॅकमेल करताना किती थंड. भक्तीताई आमच्या तालुक्याच्या सूनबाई, त्यांचे नवरे, अभिनेते शफी इनामदार मूळचे दापोलीकडचे, हे इथल्या किती जणांना माहितीये?

पुलं जून 2000 मध्ये गेले आणि आठच महिन्यांनी, 12 फेब्रुवारी 2001 ला, वाईचा कार्यक्रम करून परत येताना एक्स्प्रेसवेवर अपघातात भक्तीताई गेल्या. वय 52. अजून किती भूमिका करायच्या राहिल्या असतील.

त्या मुलीला रविवारी घरी बोलवलंय. आधी ओरडायचं नाही, नुसतं हळू आवाजात वाचायचं, आणि ते पण घरी आईशी भांडतेस ना तसं, एवढंच सांगितलंय.