जखमेची चिठ्ठी : ‘हे तर तलाठ्याचं दप्तर’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

लढाईनंतरही उरणारी पात्राची जखम कागदाच्या चिठ्ठीवर लिहून ठेवावी, असं मी सुचवलं होतं. त्यावर एवढी सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, आभार. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी तुमचे मुद्दे थोडक्यात: डी अँड डीमध्ये (डंजन्स अँड ड्रॅगन्स, टेबलाभोवती बसून फाशांनी खेळायचा पात्रांचा खेळ) एचपी, म्हणजे पात्र किती मार सोसेल त्याचा आकडा, आहेत, तेवढे पुरेत, प्रत्येक जखमेची चिठ्ठी ठेवणं म्हणजे तलाठ्याचं दप्तर, जखमेपायी गुण कापायला लागलं की हरणारा आणखी हरतो, आणि नोंद ठेवायचीच तर मोबाईल आहे की. सोलापुरातल्या होटगी रोडच्या तुमच्या ग्रुपमध्ये सहा जण असतात आणि तीन तासांत डाव आटपायचा असतो, हेही तुम्ही लिहिलंय. ते धरूनच बोलू.

एचपी म्हणजे जखम नव्हे, यावर आपलं भांडणच नाही. डी अँड डीच्या जनकांपैकी एक असलेल्या गायगॅक्स यांनी १९७९च्या डंजन मास्टर्स गाइडमध्येच (खेळ चालवणाऱ्याच्या पुस्तकात) सांगून ठेवलंय की त्या आकड्यात शरीराइतकंच नशीब आणि कसबही मोजलेलं आहे. म्हणून तर ३८ एचपीचा फायटर १ एचपीवर आला तरी तलवार तितक्याच जोरात चालवतो, आणि एका लाँग रेस्टनंतर (रात्रभराच्या विश्रांतीनंतर) पुन्हा ३८वर असतो. लढाईपुरता हा हिशेब झकास चालतो. त्याला हात लावा असं मी म्हटलेलंच नाही. चिठ्ठी आहे ती लढाई संपल्यावरही मागे उरतं त्याची, आणि तीसुद्धा प्रत्येक फटक्याला नाही. पात्र शून्यावर आलं, किंवा एकाच फटक्यात निम्मे एचपी गेले, तरच. दुसरी अट कॉल ऑफ कथुलू या अशाच दुसऱ्या खेळाच्या सातव्या आवृत्तीतली. तिथे एका वारात निम्मे किंवा जास्त गेले की मेजर वुंडच्या (मोठ्या जखमेच्या) चौकटीत खूण होते, आणि मग रोज एक एचपी भरून यायचं बंद होऊन आठवड्याला एकदा कॉन्स्टिट्यूशनचा (काटकपणाचा) फासा टाकावा लागतो. सहा जणांच्या टेबलावर या दोन अटींतून एका सेशनला (एका बैठकीला) एक-दोन चिठ्ठ्यांपेक्षा जास्त निघत नाहीत. त्याला दप्तर म्हणणं जरा जास्तच झालं.

हरणारा आणखी हरतो, हा तुमचा मुद्दा मात्र वजनदार आहे, त्यावर थोडं थांबतो. सॅव्हेज वर्ल्ड्स या खेळात प्रत्येक जखमेला सरसकट उणे एक, तीन जखमांपर्यंत. कौशल्याचा सहा बाजूंचा फासा आणि सोबतचा वाइल्ड डाय (आणखी एक सहा बाजूंचा फासा, दोन्हींतला मोठा आकडा धरायचा), लक्ष्य चार, असं धरलं तर धडधाकट पात्र ७५ टक्के वेळा जिंकतं. एका जखमेला ५६, दोन जखमांना ३१. गंमत म्हणजे तिसऱ्या जखमेलाही ३१च, कारण सहा पडला की फासा पुन्हा टाकून बेरीज करायची असते, त्यामुळे सहा लागणं आणि सात लागणं सारखंच पडतं. म्हणजे खरा मार पहिल्या दोन जखमांतच बसतो, तोही प्रत्येक कामावर: पाय मोडलेला माणूस कुलूप उघडतानासुद्धा उणे दोन. तुमची तक्रार याच सरसकटपणाबद्दल असेल तर मी तुमच्या बाजूने आहे.

पण गुण कापायची तेवढी एकच रीत नाही. ब्लेड्स इन द डार्क या खेळात दुसऱ्या पातळीची इजा एक फासा कमी करते, तोही ती इजा त्या कामाच्या आड येत असेल तेव्हाच. फेट कोअर या खेळात जखम म्हणजे नुसतं एक वाक्य. ते लिहून घेतलं की दोन, चार किंवा सहाचा मार पचतो, आणि ते वाक्य कोणीतरी वापरायला काढेपर्यंत कोणाचाही एक गुण कापला जात नाही. चिठ्ठीची कल्पना इथूनच घेतलीय. दर फाशाला वजाबाकी करायची नाही. चिठ्ठीवरचं वाक्य आड आलं तर तेवढ्यापुरता डिसॲडव्हांटेज (दोनदा फासा टाकून लहान आकडा धरायचा), नाहीतर ती नाहीच असं समजायचं.

आता चिठ्ठीवर काय हवं. समजा तुमचं पात्र हंबीर नळदुर्गाच्या बुरुजावरून घसरलं आणि शून्यावर आलं. तीन बाय पाच इंचाचं इंडेक्स कार्ड मधोमध फाडायचं, म्हणजे एकात दोन चिठ्ठ्या होतात. पहिल्या ओळीत जखम, अंगाच्या बाजूसकट: ‘डावा घोटा मुरगळला’. डावा-उजवा नाही लिहिला तर पुढच्या रविवारी दहा मिनिटं त्यावरच जातात. दुसऱ्या ओळीत काय अडतं ते क्रियापदात: ‘पळणं, उडी, चढणं’. आकडा नको. तिसरी ओळ सगळ्यात महत्त्वाची आणि हमखास राहून जाणारी: कधी सुटेल. ‘घोडा किंवा पालखी मिळून तीन दिवस, किंवा मेडिसिन १५ एकदा’ (म्हणजे वैद्यकीच्या फाशाला एकदा १५ किंवा जास्त). सुटायची अट नसलेली चिठ्ठी दोन सेशननंतर मरते. ती संपली की नाही हे कोणालाच ठाऊक नसतं, त्यामुळे विचारायलाही कोणी धजत नाही, आणि सगळे गुपचूप ती विसरतात. ‘जखमा ठेवून बघितल्या, जमलं नाही’ असं जे ग्रुप सांगतात, त्यांचं बहुतेक इथेच फसलेलं असतं.

डंजन मास्टर्स गाइडमधला जखमांचा तक्ताही याच तिसऱ्या ओळीवर पडतो. २०१४च्या आवृत्तीत तो ऐच्छिक नियम आहे, वीस बाजूंच्या फाशाचा. लंगडणं, मोडलेल्या बरगड्या, पोटातली इजा या सगळ्या जादूच्या उपचाराने लगेच जातात. पार्टीत क्लेरिक (उपचाराचे मंत्र येणारा पुजारी) असला की एका क्युअर वुंड्स मंत्रात खेळ खलास. १७ ते २० म्हणजे किरकोळ व्रण, त्याचा त्रास शून्य. टिकतं काय, तर मुख्यतः १, २ आणि ३: डोळा, हात, पाय गमावणं. त्यावर रीजनरेट लागतो, आणि सातव्या पातळीचा तो मंत्र क्लेरिकला तेराव्या लेव्हलला मिळतो. म्हणजे मजेशीर जखमा पुसल्या जातात आणि खेळाडूचा मूड घालवणाऱ्या तेवढ्या उरतात. तक्ता वापरायचाच तर पहिल्या तीन ओळी काढून टाका, आणि मधल्या जखमांना लिहा: तिसऱ्या किंवा वरच्या स्लॉटचा (त्या पातळीच्या मंत्राचा) उपचार, नाहीतर विश्रांती. बाकी तक्ता चांगला आहे.

लढाई चालू असताना लिहायचं नाही. तुमचे तीन तास तिथेच वाचतात. शून्यावर गेलेल्यासमोर एक बटण ठेवायचं. युनिफॉर्मच्या कारखान्यांमुळे सोलापुरात शर्टाची बटणं मूठमूठ मिळतात. लढाई संपली की बटण देऊन चिठ्ठी घ्यायची, आणि ती खेळाडूनेच लिहायची. डीएमच्या (डंजन मास्टर, खेळ चालवणारा) वहीत गेलेली जखम डीएमलाच आठवत ठेवावी लागते, आणि त्याच्या डोक्यात आधीच चाळीस गोष्टी असतात. (टेबलावर चादर अंथरली असेल तर बटणं जागची हलत नाहीत, पण फासा विणीत तिरका अडकतो. फासे ताटात टाका.)

चिठ्ठ्या डीएमच्या स्क्रीनला (त्याच्यासमोरच्या पुठ्ठ्याच्या आडोशाला) कपड्यांच्या चिमट्याने लावायच्या, अक्षरं खेळाडूंकडे. एप्रिल-मेमध्ये पंखा फुल असतो, नुसत्या ठेवलेल्या चिठ्ठ्या दिवाणाखाली सापडतात. पेन्सिल वापरा. शेंगा चटणीचं तेल लागलं की मात्र पेन्सिलही उमटत नाही, तेव्हा खाण्याची ताटली दुसऱ्या बाजूला.

एका पात्राला तीनच चिठ्ठ्या. चौथी आली तर जुन्यांतलीच एक वाढवायची: मुरगळलेला घोटा मोडतो. ब्लेड्समध्ये ओळ भरली की इजा वरच्या ओळीत सरकते, तसंच. राक्षसांना चिठ्ठ्या नाहीत, कधीच नाहीत.

मोबाईलबद्दल: एचपी आणि स्पेल स्लॉटला (उरलेल्या मंत्रांच्या हिशेबाला) ॲप उत्तम. जखमेला नाही. ती एकाच्या खिशातल्या स्क्रीनवर असते आणि ती आड आणायचं काम बाकी पाच जणांचं असतं.

‘हीलिंग वर्डने दर फेरीला उठणारं पात्र’ (झटपट उपचाराच्या मंत्राने पुन्हा पुन्हा उभं राहणारं) या तुमच्या शेवटच्या त्राग्यावर चिठ्ठी हे औषध नाही, ते वेगळंच दुखणं आहे. शून्यावर जाण्याची किंमतच नसते, म्हणून क्लेरिक माणूस पडेपर्यंत थांबतो. पाथफाइंडर या खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीत याला वुंडेड ही स्थिती आहे: पडून उठलात की वुंडेड एकने वाढतं, आणि पुढच्या वेळी पडताना डाइंग (मरणाकडे जाणारी मोजणी) एकऐवजी तितकं पुढून सुरू होतं. डाइंग चार म्हणजे मृत्यू, म्हणजे मधे उपचार झाला नाही तर चौथ्यांदा पडलेला उठतच नाही. वुंडेड काढायला दहा मिनिटांचं ट्रीट वुंड्स (मलमपट्टी) पुरतं. डी अँड डीत हे आणायचं तर दर पडण्याला चिठ्ठीच्या बटणाखेरीज एक बटण जास्त, आणि जेवढी ही बटणं आधी साचलीत तेवढे डेथ सेव्ह (शून्यावरच्या पात्राचे जगण्या-मरण्याचे फासे, तीन नापास म्हणजे मृत्यू) नापास धरून सुरुवात. शॉर्ट रेस्टला (तासाभराच्या विश्रांतीला) सगळी बटणं परत. अनेक जण त्याऐवजी एक्झॉशन (थकव्याच्या पातळ्या) देतात. २०१४च्या नियमांत तिसऱ्या पातळीला हल्ला आणि सेव्ह (बचावाचा फासा) दोन्हींवर डिसॲडव्हांटेज येतो आणि लाँग रेस्टला एकच पातळी उतरते, म्हणजे तुम्हाला नको असलेली तीच घसरगुंडी. बटणंच बरी.

एका संध्याकाळीत संपणारा डाव असेल तर हे काहीही करू नका. तुमचा दर रविवारचा चालू असेल तर पहिल्या महिन्यात फक्त शून्याची अट ठेवा, निम्म्या एचपीची नंतर. आणि कोणाच्या चिठ्ठीवर ‘दहा दिवस पडून’ आलं, तर त्या खेळाडूला घरी बसवू नका. पार्टीसोबतचा हमाल किंवा वाटाड्या तेवढ्या वेळापुरता त्याच्या हातात द्या. त्या हमालाचं किंवा वाटाड्याचं शीट (गुणांचा कागद) आधीच अर्ध्या पानावर करून ठेवलेलं बरं.