आधी रस्ता खरवडा, मग डांबर टाका

पुण्यातल्या कसबा, शनिवार, सदाशिव पेठांत वाडा पडला की "लाकूडच कुजलं होतं" म्हणून विषय संपतो. पण चांगलं सागवान कोरडं राहिलं तर दोनशे वर्षं टिकतं. बाजीराव रोडवर विश्रामबागवाड्याचे सुरूच्या घाटाचे कोरीव खांब बघा, दुसऱ्या बाजीरावाच्या काळातले! 1879 च्या आगीची झळ सोसूनही हा वाडा उभा आहे. पेशव्यांचा बुधवारवाडा मात्र त्या आगीत गेला.

लाकूड कुजतं ते ओलीमुळे, आणि ही ओल आपल्या रस्त्यांनी आणली आहे.

वाड्याचं जोतं, म्हणजे ज्यावर घर उभं असतं तो चौथरा, दगडी. त्यावर भाजक्या विटा, त्यांच्या सांध्यांत माती किंवा चुना, आणि आत लाकडी सांगाडा: खांब, त्यावर हस्त (तुळईला आधार देणारे लाकडी ब्रॅकेट), तुळई, वर कडीपाट (लाकडी कड्या-फळ्यांचं छत). खांब जमिनीत पुरत नाहीत, तळखड्यावर, म्हणजे खांबाखालच्या दगडी बैठकीवर, उभे करतात, म्हणजे जमिनीतली ओल लाकडापर्यंत पोचत नाही. आता जुना थर न खरवडता त्यावर डांबर चढवलं, दर वेळी दोन इंच धरा, की पाच थरांत रस्ता दहा इंच वर येतो. जोत्याची एक पायरी गिळली जाते, रस्त्याचं पाणी उलटं दिंडीतून (मोठ्या दारातल्या छोट्या दारातून) देवडीत, म्हणजे दारालगतच्या पहाऱ्याच्या जागेत, शिरतं आणि तळखडे चिखलात बुडतात. खांबाचा बूड आधी जातो. तिथे ठोकून बघा, आवाज पोकळ आला की समजा.

मग घरमालक भिंतीला लोणा लागला (ओलीने क्षार वर येऊन पापुद्रे सुटू लागले) म्हणून सिमेंटचा गिलावा मारून घेतो, आणि नेमकं तिथेच वाटोळं होतं. चुना ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती आत कोंडतं. ओल वर चढते आणि भिंतीत शिरलेली तुळयांची टोकं गाठते. ती कुजली की मजला बसतो, आणि लोक म्हणतात वाडा जुना झाला. संतापजनक आहे हे.

सिमेंट काढा. मुरवलेला चुना एक भाग, चाळलेली वाळू तीन भाग, पातळ थरांत लावा आणि आठवडाभर ओला ठेवा. जाड थर एकदम दिला तर तडकतो. खांबाचा फक्त बूड गेला असेल तर टेकू देऊन तेवढाच तुकडा कापून सागवानाचा सांधा मारता येतो, अख्खा खांब बदलायची गरज नाही.

आणि पेठेत पुन्हा डांबराचं काम निघालं तर ठेकेदार यायच्या आधी जोत्याच्या दगडावर रस्त्याच्या पातळीची खूण करा, फोटो काढा आणि जुना थर खरवडून मगच नवा टाकायची मागणी महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात लेखी द्या. पोच घ्यायला विसरू नका.