पॅलिएटिव्ह म्हणजे हात टेकणं नव्हे

खान्देशात घरोघरच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘कॅन्सरच्या पेशंटला पॅलिएटिव्हकडे पाठवलं म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले. तिथे नुसत्या नर्स असतात. मॉर्फिन देऊन गुंगीत ठेवतात, माणूस लवकर जातो. त्यापेक्षा घरी न्या.’ तो वाचून लोक चालू गोळ्या बंद करतात आणि घरातलं माणूस रात्रभर कण्हत राहतं. नर्स म्हणून हे मला बघवत नाही. पॅलिएटिव्ह सेवा म्हणजे दुखणं, धाप, उलटी असा त्रास कमी करून जगणं सुसह्य करणारी सेवा. मॉर्फिन हे त्यातलं जोरदार दुखण्यावरचं औषध.

हात टेकले? बोस्टनमधला अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. फुप्फुसाचा कॅन्सर पसरलेले १५१ रुग्ण. एका गटाला नेहमीच्या उपचारांच्या जोडीला सुरुवातीपासूनच पॅलिएटिव्ह सेवा दिली. या गटातले निम्मे रुग्ण ११.६ महिन्यांहून जास्त जगले, दुसऱ्यातले निम्मे ८.९ महिन्यांहून. पहिल्या गटात उदासीही कमी. नंतरच्या प्रत्येक अभ्यासात आयुष्य वाढलंच असं नाही, हेही सांगते. जगणं सुसह्य झालं, हे मात्र पुन्हापुन्हा दिसलं.

‘नुसत्या नर्स’? न्यूयॉर्कमधल्या ७६६ कॅन्सर रुग्णांच्या अभ्यासात काही रुग्ण आपला त्रास कॉम्प्युटरवर नोंदवत. त्रास वाढला की निरोप थेट नर्सला जाई. २०१७ चे आकडे: यातले निम्मे रुग्ण ३१.२ महिन्यांहून जास्त जगले, बाकीच्यांतले निम्मे २६ महिन्यांहून. उलटी, धाप, दुखणं वेळेत कळलं आणि वेळेत उपाय झाले. चोपड्याहून, शहाद्याहून आलेल्या पेशंटच्या घरच्यांनी म्हणूनच नर्सला फोन करायला संकोचू नये.

खरं नुकसान करतो तो मॉर्फिनचा मुद्दा. बहुतेकांना ते गोळीतून देतात. लहान डोसपासून सुरुवात, साधारण दर चार तासांनी, आणि दुखणं किती उरलं ते विचारून वाढ. पहिले काही दिवस झोप येते, मग ओसरते. कितीतरी रात्री जागलेलं माणूस दुखणं थांबल्यावर गाढ झोपतं, आणि तीच झोप बघून घरचे घाबरतात! बद्धकोष्ठता मात्र टिकते. पोट साफ होण्याचं औषध सोबत दिलं नसेल तर मागून घ्या. ‘सिस्टर, आबांना सवय लागेल ना?’ हा ठरलेला प्रश्न. दुखण्यासाठी मोजून घेतलेल्या गोळीचं व्यसन क्वचितच लागतं. शरीर तिला सरावतं, म्हणून ती मनाने एकदम तोडायची नाही. डॉक्टर हळूहळू कमी करतात. इटलीतल्या २०१६ च्या अभ्यासात मध्यम दुखणं असलेले २४० कॅन्सर रुग्ण होते. कमी डोसचं मॉर्फिन ८८.२ टक्के जणांना लागू पडलं, ट्रॅमाडॉलसारखी सौम्य औषधं ५४.७ टक्के जणांना.

‘घरी न्या’ हे मात्र मला पटतं, पण औषधांसकट. आपल्याकडे गुटखा-तंबाखूने झालेले तोंडाचे कॅन्सर खूप. गालाची जखम फुटली की वासाने नातवंडंही जवळ बसत नाहीत. जखम मिठाच्या पाण्याने धुवून, मेट्रोनिडाझोल या जंतू मारणाऱ्या औषधाची गोळी बारीक कुटून त्यावर भुरभुरली की वास बराच कमी होतो. हे घरच्यांना नर्स एकदा हाताला धरून शिकवते. डिस्चार्ज घेताना ते तिच्यासमोर करून बघा आणि रात्री दुखणं वाढलं तर जास्तीचा डोस किती, तो कागदावर लिहून घ्या.