दुकाने फक्त इंटरनेटमुळे बंद पडली का?

ब्रिटनमधील मॉडेलची (सुटे भाग जोडून करायच्या विमाने-जहाजांच्या छोट्या प्रतिकृतींची) दुकाने ऑनलाइन खरेदीने संपवली, हे नुकत्याच वाचलेल्या एका लेखातील विधान मला अर्धेच पटते. एअरफिक्स या ब्रिटिश कंपनीने 1950 च्या दशकाच्या पूर्वार्धात ‘गोल्डन हाइंड’ या जहाजाचे किट (सुट्या भागांचा संच) बाजारात आणले, ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून दोन शिलिंगांना वूलवर्थ्स या स्वस्त वस्तूंच्या दुकानसाखळीत विकले जाई. म्हणजे या छंदाचा पाया मुळात पोरांच्या खाऊच्या पैशांवर आणि घराजवळच्या साध्या दुकानावर उभा होता. पुढे किट महागली, मुले व्हिडिओ गेमकडे वळली आणि गिऱ्हाईक म्हणून आमच्यासारखे पन्नाशीचे लोक तेवढे उरले. वूलवर्थ्स 2009 च्या जानेवारीत बंद झाले, मॉडेलझोन ही मॉडेलच्या दुकानांची साखळी 2013 मध्ये. पण गळती त्याच्या कितीतरी आधीच लागली होती.

मुलगी शिक्षणासाठी बाहेर गेल्यावर मी इथे इंग्लंडच्या मध्यभागात, मिडलंड्समध्ये, पुन्हा 1:72 प्रमाणाची (खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्शाची) विमाने जोडू लागलो. किट, रंग, डिकल (मॉडेलवर चिकटवायची चिन्हे) सारे घरपोच येते, त्याबद्दल तक्रार नाही. (पडद्यावर पाहून मागवलेला ऑलिव्ह रंग प्रत्यक्षात शेवाळी निघतो, ते सोडा.) मात्र कॉकपिटची पारदर्शक काच सुपरग्लूने चिकटवल्यास त्याच्या वाफेने धुरकट होते, तिथे साधा पांढरा पीव्हीए गोंद वापरावा, हे मला एका म्हाताऱ्या दुकानदाराने मी न विचारताच, हातातली ट्यूब काढून घेत सांगितले होते. लेखात किमतींची तुलना सविस्तर आहे. या फुकटच्या शिकवणीचा मात्र उल्लेखही नाही.