पासष्टाव्या वर्षी गावी परतलेला गुरू

डिसेंबर 2020 मध्ये युनेस्कोने ताई-ची या चिनी युद्धकलेचा समावेश मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला, तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. गेली काही वर्षे मी स्वतः ही विद्या शिकत असल्यामुळे तो आनंद थोडा घरचाच होता. तरीही, ही विद्या आज जिवंत आहे याचे श्रेय मी त्या यादीपेक्षा एका खेड्याला आणि 1958 साली तेथे परतलेल्या एका माणसाला देतो.

चीनच्या हनान प्रांतात, पिवळ्या नदीच्या उत्तरेला, चेनजियागौ नावाचे गाव आहे. सतराव्या शतकात चेन वांगतिंग या योद्ध्याने तेथे बसवलेली पद्धत ताई-चीच्या आजच्या प्रमुख शैलींचे मूळ मानली जाते. कित्येक पिढ्या ती चेन घराण्यातच राहिली. एकोणिसाव्या शतकात चेन चांगशिंग यांनी ती यांग लूचान या बाहेरच्या शिष्याला शिकवली आणि त्याने ती बीजिंगपर्यंत नेली. पुढे 1928 मध्ये चेन घराण्यातले नामवंत शिक्षकही बीजिंगला गेले. शहरात कलेचे नाव झाले, पण गावात शिकवणारे हात कमी होत गेले. त्यातच युद्ध आणि 1942-43 चा हनानमधला भीषण दुष्काळ आला. ज्या गावात ही विद्या जन्मली, तेथेच ती नव्या पिढीला देणारे जवळजवळ कोणी उरले नाही.

चेन चाओपी यांनी बीजिंग आणि नानजिंगमध्ये शिकवून मोठे नाव कमावले होते. 1958 मध्ये, वयाच्या पासष्टाव्या वर्षी, ते गावी आले, तेथली अवस्था त्यांनी पाहिली आणि शहरातली सोय सोडून गावातल्या मुलांना शिकवायला सुरुवात केली. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात अशा परंपरा ‘जुनाट’ ठरवल्या गेल्या आणि त्यांनाही अपमान व छळ सोसावा लागला, तरी शिकवणे त्यांनी सोडले नाही. 1972 मध्ये ते वारले. त्यांच्या हाताखाली तयार झालेले चेन शियाओवांग, चेन चंगलेई, वांग शियान आणि चू तिएनत्साई हे चौघे पुढे जगभर पोहोचले. चेन शैलीला आज जो विस्तार लाभला आहे, त्यातला फार मोठा भाग त्या चौदा वर्षांतून आलेला आहे, आणि ही गोष्ट मला कोणत्याही प्रमाणपत्रापेक्षा मोठी वाटते.

चेन चाओपी गावी परतले त्याच्या दोनच वर्षे आधी, 1956 मध्ये, चीनच्या क्रीडा आयोगाने चोवीस हालचालींचा सुटसुटीत क्रम तयार केला होता. बागेत दहा मिनिटांत करता येणाऱ्या त्या क्रमाने असंख्य लोकांना व्यायाम दिला, त्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण मी जेथे सुरुवातीला शिकलो तेथे हाच क्रम ‘पूर्ण ताई-ची’ म्हणून शिकवला जाई. तो पाठ झाल्यावर पहिल्यांदा कोणीतरी माझ्या मनगटावर हात ठेवून ‘तुइशौ’चा, म्हणजे जोडीने एकमेकांचा तोल जोखण्याचा सराव करवून घेतला, तेव्हा आपल्याला काहीच येत नाही हे पहिल्या मिनिटात कळले. समोरच्याचा जोर कोठून येतो, आपला खांदा कधी ताठतो, कमरेतून निघालेले वळण रेशमाचा धागा उलगडावा तसे अखंडपणे हातापर्यंत कसे पोहोचते, हे चित्रफीत पाहून समजत नाही. आपल्या तालमीतल्या मातीत ज्याने डाव खाल्ला आहे त्याला हे वेगळे सांगावे लागणार नाही.

म्हणूनच जतनाचा पैसा रंगमंचावरील भव्य प्रात्यक्षिकांवर, हजारो लोकांच्या एकसाथ कवायतींवर आणि पर्यटकांच्या सोयींवरच खर्च होऊ लागला, तर ते मला योग्य वाटत नाही. आजच्या चेनजियागौमध्ये मोठ्या शाळा आहेत, देशोदेशीचे विद्यार्थी तेथे येतात आणि त्यातून गावाला रोजगार मिळतो, ते हवेच. पण मदतीचा पहिला हक्क अंगणात चार मुलांना रोज पहाटे उभे करणाऱ्या शिक्षकाचा आहे, कारण त्या मुलांना वीस वर्षे गावात राहून शिकणे परवडले, तरच पुढचा गुरू घडेल. चेन शियाओवांग ऑस्ट्रेलियात स्थायिक झाले आणि त्यांच्यामुळे ही विद्या दूरदूर गेली, याबद्दल मी कृतज्ञ आहे. त्यांचे धाकटे बंधू चेन शियाओशिंग मात्र गावातच राहून शिकवत राहिले. या दोघांपैकी धाकट्यांविषयी मला अधिक वाचायला मिळावे, असे फार वाटते.