तरंगायलाही वीज लागते

मडगाव-पणजीच्या व्हॉट्सॲप गटांत सध्या एक संदेश फिरतोय : ‘मॅग्लेव्ह गाडी चुंबकावर तरंगते, तिला वीज लागत नाही. कोकण रेल्वेच्या रुळांवर चुंबक बसवा, मुंबई दीड तासात. मडगावच्या स्कायबसमध्ये हेच तंत्र होतं, ते दाबून टाकलं.’ (स्कायबस म्हणजे उंच मार्गाखाली लटकत धावणाऱ्या डब्याचा कोकण रेल्वेचा प्रयोग.) शाळकरी मुलंही हे खरं मानून पुढे पाठवतात, म्हणून उत्तर देणं भाग आहे.

वीज लागत नाही? पेन्सिलीत ओवलेली चुंबकाची चकती दुसऱ्या चकतीच्या वर अधांतरी राहते, कारण पेन्सिल तिला सटकू देत नाही. नुसत्या स्थिर चुंबकांच्या बळावर वस्तू स्थिरपणे तरंगू शकत नाही, हे सॅम्युअल अर्नशॉने १८४२ मध्येच गणिताने दाखवलं. शांघायच्या मॅग्लेव्ह गाडीचे विद्युतचुंबक मार्गाच्या कडेखाली वळलेले असतात आणि वरच्या दिशेने ओढले जातात. मधली फट जेमतेम १० मिलिमीटर. फट कमी झाली की ओढ वाढते आणि गाडी चिकटू पाहते. फट वाढली की गाडी खाली येते. म्हणून संवेदक सतत फट मोजतात आणि त्याप्रमाणे वीजप्रवाह कमी-जास्त होतो. जपानच्या मॅग्लेव्ह गाडीतल्या अतिवाहक, म्हणजे विजेला जराही विरोध न करणाऱ्या, वेटोळ्यांत एकदा सोडलेला प्रवाह फिरत राहतो, एवढा खऱ्याचा अंश संदेशात आहे. पण ती वेटोळी उणे २६९ अंशांपर्यंत थंड ठेवावी लागतात. शिवाय मार्गाच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींतल्या वेटोळ्यांत पुरेसा प्रवाह निर्माण होईपर्यंत, म्हणजे ताशी सुमारे १५० किलोमीटरपर्यंत, ही गाडी चाकांवरच धावते. २०१५ मध्ये तिने ताशी ६०३ किलोमीटर गाठले. तिथे चाकांचं घर्षण नाही, हवा मात्र आहेच : वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट, आणि त्यासाठी लागणारी शक्ती आठपट.

रुळांचं म्हणाल तर या गाड्यांची मोटर मार्गातच पसरलेली असते. मार्ग संपूर्ण नवा, शक्य तितका सरळ लागतो. टोकियो-नागोया हा २८६ किलोमीटरचा नियोजित मार्ग म्हणूनच बहुतांश बोगद्यांतून जातो. आपली वळणावळणाची एकेरी लाईन त्यासाठी बांधलेलीच नाही.

स्कायबसचा दावा मला सर्वांत जास्त खुपतो. तो डबा पोकळ तुळईतल्या रुळांवर, चाकांच्या आधाराने लटकत होता. सप्टेंबर २००४ मध्ये चाचणीच्या वेळी अपघात होऊन एका कर्मचाऱ्याचा जीव गेला आणि पुढे प्रकल्प गुंडाळला गेला. त्या मृत्यूचा उल्लेखही न करता ‘दाबून टाकलं’ म्हणणं अन्यायाचं आहे. दाबायला तिथे तरंगणारं काही नव्हतंच.